बासुंदीत उतरलेली वाळू

वाचकाचं पत्र : मी साताऱ्यात घरून ऑर्डरप्रमाणे बासुंदी आणि पेढे करून देते, उन्हाळ्यात कुल्फीही असते. म्हशीचं दूध ठरलेल्या गवळ्याकडूनच घेते. गेल्या दोन महिन्यांत तीनदा असं झालं, की रात्री मऊसूत असलेली बासुंदी फ्रिजमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी वाळू मिसळल्यासारखी लागली. साखर नीट विरघळली नसेल म्हणून पुढच्या वेळी साखर कमी केली. दाटपणा यावा म्हणून अर्धी वाटी दूध पावडर घातली, तर जास्तच कचकच. कहर म्हणजे मधुमेह असलेल्या एका काकांसाठी साखर न घालता केलेली बासुंदीही तशीच झाली. पेढ्यांचा रंगही एकसारखा येत नाही, कधी पांढरे, कधी तांबूस. शिवाय दोन प्रश्न आहेत. बिनसाखरेच्या बासुंदीवर ‘शुगर फ्री’ असं लिहू का? आणि एका गिऱ्हाइकाला दूध पचत नाही, त्यांना काय देता येईल?

ताई, साखर न घातलेली बासुंदीही रवाळ झाली, हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या एका ओळीमुळे तुमची साखर आणि तुमचा गवळी दोघंही सुटले. दाताखाली येते ती तुम्ही घातलेली साखर नाही. ती दुधात मुळातच असलेली साखर आहे, दुग्धशर्करा, म्हणजेच लॅक्टोज. पेढ्याचा रंग, काकांची बासुंदी आणि न पचणारं दूध, हे तुमचे बाकीचे प्रश्नही याच साखरेपाशी येऊन थांबतात. त्यामुळे आधी तिचा स्वभाव पाहू.

म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते, गाईच्या दुधात किंचित कमी. एवढी साखर असूनही दूध गोडमिट्ट का लागत नाही? कारण दुग्धशर्करेचा गोडवा आपल्या साखरेच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका असतो. तुमच्या दृष्टीने तिचा दुसरा गुण जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ती पाण्यात फार कमी विरघळते. साध्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात आपली साखर २०० ग्रॅमपर्यंत विरघळते, दुग्धशर्करा फक्त २० ग्रॅमच्या आसपास. पाणी ६० अंश सेल्सियसला असेल तर हा आकडा ६० च्या जवळ जातो आणि फ्रिजमध्ये १३ वर उतरतो. गरम कढईत सगळं छान विरघळलेलं दिसतं आणि फ्रिजमध्ये वाळू खाली बसते, ती यामुळेच.

आता तुमच्या कढईचा हिशेब मांडू. २ लिटर म्हशीचं दूध म्हणजे अंदाजे २ किलो ६० ग्रॅम वजन. त्यात १०० ग्रॅम दुग्धशर्करा आणि १७०० ग्रॅमच्या थोडं वर पाणी. आटवून १ लिटर केलं तर पाणी साधारण ७४० ग्रॅम उरतं, म्हणजे दर १०० ग्रॅम पाण्यामागे दुग्धशर्करा साडेतेरा ग्रॅम. फ्रिजमध्ये मावेल न मावेल अशी ही सीमारेषा आहे आणि इथे बासुंदी सहसा बिघडत नाही. तेच दूध पाऊण लिटरवर आणलं की हा आकडा २१ वर जातो. त्यात १०० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर पडली तर तो ३० च्या पुढे जातो, कारण या पावडरीचं निम्मं वजन दुग्धशर्करेचंच असतं. पावडरीने दाटपणा येतो खरा, पण तिच्याबरोबर वाळूही येते. तुमची अर्धी वाटी भरली तर ४०-५० ग्रॅम असेल, पण आधीच काठोकाठ भरलेल्या भांड्यात तेवढीही पुरे झाली.

घातलेली साखर का नाही, तेही पाहून घ्या. पाऊण लिटर बासुंदीतल्या ४८० ग्रॅम पाण्यात, अगदी फ्रिजमध्येसुद्धा, आपली साखर आठ-नऊशे ग्रॅम विरघळलेली राहू शकते. तुम्ही घालत असाल दीडशे ग्रॅम, ती खडा धरणं शक्यच नाही. मात्र ती काही पाणी स्वतःकडे बांधून ठेवते आणि दुग्धशर्करेला जागा आणखी अपुरी पडते. त्यामुळे साखर कमी केल्याने थोडा फरक पडेल, पण मूळ दुखणं जाणार नाही.

दुसऱ्याच दिवशी का, रात्रीच का नाही, याचंही कारण आहे. दुग्धशर्करा पाण्यात दोन रूपांत राहते आणि एका रूपातून दुसऱ्यात सावकाश बदलत असते. त्यातलं एक रूप थंड पाण्यात फारच कमी विरघळतं, म्हणून आधी ते बाहेर पडतं. ते कमी झालं की दुसऱ्या रूपातली थोडी साखर पहिल्यात बदलते आणि तीही बाहेर पडते. हे रात्रभर, कधी दोन दिवस चालू राहतं. म्हणून रात्रीची चव पाहून ‘जमली’ असं समजू नका. ऑर्डर देण्याआधी एक वाटी २४ तास फ्रिजमध्ये ठेवून मग चाखा.

अर्थात प्रत्येक रवाळपणा दुग्धशर्करेचा नसतो, तेव्हा उपायाआधी खात्री करून घ्या. एक चमचा बासुंदी अर्धी वाटी कडकडीत गरम पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटं ढवळा. कण नाहीसे झाले तर ती दुग्धशर्करा. कण मऊ, पांढरे आणि तसेच राहिले तर दूध किंचित फाटलं होतं किंवा पावडरीच्या गुठळ्या राहिल्या होत्या. जिभेलाही फरक कळतो. फाटलेल्या दुधाचा कण दाबला की चेपतो. दुग्धशर्करेचा कण कडक असतो, दाताखाली कचकचतो, हळूहळू विरघळतो आणि फारसा गोड लागत नाही.

आता करायचं काय? पहिली गोष्ट, किती आटवायचं ते डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. रिकाम्या कढईचं वजन करून लिहून ठेवा. २ लिटर दुधाचं, साखर घालण्याआधी, १ किलो ५० ते १ किलो १०० ग्रॅम उरलं की आच बंद. मोठा वजनकाटा नसेल तर कढईत १ लिटर पाणी ओतून लाकडी उलथनं उभं धरा, पाणी पोहोचलं तिथे खूण करा आणि दूध त्या खुणेवर आलं की थांबा. कढई खाली निमुळती असल्याने ‘उंचीने निम्मं’ म्हणजे मापाने निम्मं नव्हे, बरंच कमी. घरोघरी बासुंदी ठरल्यापेक्षा जास्त आटते ती इथेच.

निम्म्यावर थांबलेली बासुंदी काहींना पातळ वाटते, आणि दाट बासुंदीची आवड असलेल्यांना ती पटणार नाही हेही खरं. पण दाटपणा दुग्धशर्करेशिवायही आणता येतो. भिजवून सोललेले बदाम किंवा चारोळी, २ लिटर दुधाला ४०-५० ग्रॅम, दुधातच बारीक वाटून शेवटच्या दहा मिनिटांत घाला. किंवा ताजं मऊ पनीर ५०-६० ग्रॅम, थोड्या दुधात मिक्सरमधून गुळगुळीत घोटून घाला. पनीर करताना बरीचशी दुग्धशर्करा पाण्याबरोबर निघून गेलेली असते, त्यामुळे अंग येतं आणि वाळू येत नाही. घट्ट साय चालते, फक्त ती आधी घोटून घ्या. दूध पावडर मात्र बासुंदीतून पूर्ण काढून टाका.

दुसरी गोष्ट थंड करण्याची, आणि ती आटवण्याइतकीच महत्त्वाची आहे. ओट्यावर तीन तास आपोआप निवत राहिलेल्या बासुंदीत मोजके कण तयार होतात आणि तेच मोठे होत जातात. झटपट थंड करून सतत ढवळली तर असंख्य बारीक कण होतात. कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे राहिले तर जिभेला समजतसुद्धा नाहीत. कंडेन्स्ड मिल्कमध्येही ही साखर बाहेर पडलेलीच असते. कारखान्यात दुग्धशर्करेची अगदी बारीक पूड टाकून, ढवळत ढवळत, मुद्दाम बारीक कण पाडतात, म्हणून ते गुळगुळीत लागतं. घरी एवढं करायची गरज नाही. आच बंद केल्यावर पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, परातीतलं पाणी कोमट झालं की बदला, आणि बासुंदी हाताला गार लागेपर्यंत, साधारण अर्धा तास, ढवळत राहा. लगेच फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. गार झाल्यावर कढईच्या कडेला वाळलेली खरवड खरडून आत ढकलू नका. आच चालू असताना ती घातली तर विरघळते आणि चव वाढवते. गार बासुंदीत तीच खरवड कण धरायला निमित्त ठरते.

रवाळ झालेली बासुंदी फेकू नका. पाऊण लिटरला पाव लिटर ताजं दूध घालून मंद आचेवर ७५-८० अंशांपर्यंत, म्हणजे कडेला बुडबुडे दिसू लागेपर्यंत, तापवा आणि त्याच आचेवर दहा मिनिटं ढवळा. हे कण हळू विरघळतात. दोन मिनिटांत आच बंद केली तर उरलेल्या कणांभोवती पुन्हा सगळं जमतं. मग वर सांगितल्यासारखी झटपट गार करून त्याच दिवशी संपवा. ती घरी खायची, गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

कुल्फीत हाच प्रकार आणखी तीव्र होतो. पाण्याचा बर्फ झाला की उरलेल्या थोड्या पाण्यात सगळी दुग्धशर्करा एकवटते. सुरुवातीला मिश्रण इतकं घट्ट असतं की कण जुळत नाहीत. पण फ्रीजरचं दार वरचेवर उघडलं, वीज गेली, कुल्फी थोडी विरघळून पुन्हा गोठली, की वाळू धरते. बर्फाचा कण तोंडात लगेच पाणी होतो आणि दुग्धशर्करेचा मागे राहतो, ही इथली ओळख. पावडर आणि खवा दोन्ही घालत असाल तर एक काढा आणि त्याजागी साय वाढवा. साचे लहान घ्या म्हणजे लवकर गोठतील. सुक्या मेव्याचे तुकडे कुल्फीत ओलावा शोषतात आणि त्यांच्याभोवती कण आधी धरतात, म्हणून जास्त दिवस ठेवायच्या कुल्फीत ते आत न घालता देताना वरून लावा.

पेढ्याच्या रंगामागेही दुग्धशर्करा आहे. तापल्यावर ती दुधातल्या प्रथिनांशी संयोग करते आणि त्यातून तांबूस रंग व खमंग वास तयार होतो. आपली साखर जशीच्या तशी असताना या क्रियेत उतरत नाही. त्यामुळे रंग ठरतो तो खव्यावर, पेढ्यात घातलेल्या साखरेवर नाही. पाणी भरपूर असतं तोवर ही क्रिया संथ असते, खवा गोळा होऊ लागला की ती एकदम वेग घेते. शेवटची पाच-सात मिनिटं रंग ठरवतात. तुमचा रंग बदलतो तो बहुधा कधी आच मोठी राहिल्याने, कधी खवा झाल्यावरही तापलेल्या कढईत पडून राहिल्याने.

पांढरे पेढे हवे असतील तर एका वेळी २ लिटरपेक्षा जास्त दूध घेऊ नका, कढई पसरट घ्या आणि हात थांबवू नका. खवा कडा सोडू लागला की आच अगदी बारीक करा. गोळा झाल्याबरोबर तो परातीत काढून पातळ पसरा. पिठीसाखर खवा कोमट झाल्यावरच मळा. कंदी पेढ्यासाठी उलट करा. तयार खवा चमचाभर तूप आणि थोडं दूध शिंपडत मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता, हवा तो रंग आला की थांबा. घाई करून आच वाढवली तर तळ करपतो आणि खमंगपणाऐवजी कडवटपणा येतो.

एक कारण मात्र तुमच्या हातातलं नाही. दूध उतरलेलं असेल आणि ते फाटू नये म्हणून कुणी चिमूटभर खाण्याचा सोडा घातला असेल, तर अशा दुधाचा खवा लवकर आणि गडद तांबूस होतो, कारण सोड्यामुळे ही क्रिया जोर धरते. तुम्ही स्वतः सोडा घालत असाल तर बंद करा. पद्धत तीच असून एखाद्या दिवशी रंग अचानक गडद आला, तर त्या दिवशीच्या दुधाबद्दल चौकशी करा.

आता काकांची बासुंदी. तिच्यावर ‘शुगर फ्री’ लिहू नका, हे ठामपणे सांगतो. भारतातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे तसं लिहायला १०० ग्रॅम पदार्थात सगळ्या प्रकारची मिळून ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. दुग्धशर्करा त्यात मोजली जाते. निम्म्यावर आटवलेल्या, साखर न घातलेल्या बासुंदीत दर १०० ग्रॅममागे ती ९ ग्रॅमच्या आसपास असते. दीडशे ग्रॅमच्या वाटीत १३-१४ ग्रॅम झाली. आतड्यात तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन भाग होतात आणि रक्तातली साखर त्याने वाढते, ग्लुकोज प्यायल्याइतकी झपाट्याने नव्हे, पण वाढते. डब्यावर लिहा : ‘वरून साखर घातलेली नाही. दुधातली नैसर्गिक साखर १०० ग्रॅममागे सुमारे ९ ग्रॅम.’ काकांना हा आकडा तोंडीही सांगा, म्हणजे ते आपल्या डॉक्टरांना विचारून जेवणातलं काय कमी करायचं ते ठरवू शकतील. ‘बिनसाखरेची’ म्हणून दोन वाट्या खाल्ल्या जातात, काळजी त्याचीच वाटते.

दूध न पचणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू. दुग्धशर्करेचे दोन भाग करणारं लॅक्टेज हे द्रव्य लहान आतड्यात तयार होतं आणि अनेकांमध्ये ते बाळपणानंतर कमी होत जातं. मग न फुटलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगणं, गुडगुडणं, कळ येणं, पातळ शौच असा त्रास होतो. हे सगळं प्रमाणावर अवलंबून असतं. अशा पुष्कळ लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत दुग्धशर्करा, विशेषतः जेवणाबरोबर, फारशी बाधत नाही. म्हणून कपभर दूध सोसणाऱ्याला वाटीभर बासुंदीने त्रास होऊ शकतो.

तुमच्या पदार्थांत सगळ्यात सोयीचं श्रीखंड. चक्का टांगला की बहुतेक दुग्धशर्करा पाण्याबरोबर निथळून जाते, थोडी विरजणातल्या जिवाणूंनी आधीच खाल्लेली असते, आणि चक्क्यात जवळजवळ तेवढीच साखर मिसळल्यावर १०० ग्रॅम श्रीखंडात ती दीड-दोन ग्रॅमच उरते. चक्का रात्रभर नीट निथळू द्या. पंचवीस ग्रॅमच्या एका पेढ्यात ती साधारण ४ ग्रॅम असते, म्हणजे एक पेढा चालेल, चार कदाचित नाहीत. तुपात ती नसल्यासारखीच, त्यामुळे बेसनाचे किंवा रव्याचे लाडू बिनधास्त द्या.

त्यांना बासुंदीच हवी असेल तर तीही करता येते. लॅक्टेजचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. दूध आधी उकळून पूर्ण गार करा, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात थेंब घाला, झाकून २४ तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच आटवा. गरम दुधात थेंब घातले तर ते निकामी होतात, ही चूक सर्रास होते. या दुधाची बासुंदी रवाळ होत नाही, कारण दुग्धशर्करेचे झालेले दोन्ही भाग पाण्यात चांगले विरघळतात. ती जास्त गोडही लागते, म्हणून साखर निम्म्याने कमी घालून चव पाहा. रंग मात्र लवकर चढतो, आच मंद ठेवा. आणि ही बासुंदी काकांना ‘जास्त सोयीची’ म्हणून देऊ नका. तिच्यात साखर तेवढीच आहे, उलट ती आधीच फुटलेली असल्याने लवकर रक्तात उतरते.

हे सगळं देण्याआधी त्या गिऱ्हाइकाला एक प्रश्न नक्की विचारा : दूध घेतल्यावर फक्त पोट बिघडतं, की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो? यापैकी काहीही होत असेल तर तो दुधातल्या प्रथिनांचा वावडेपणा आहे, दुग्धशर्करेशी त्याचा संबंध नाही. तिथे थेंब, श्रीखंड, एक पेढा, यातलं काहीच चालत नाही. त्यांच्यासाठी नारळाच्या दुधातली, गूळ घातलेली तांदळाची खीर करा, तीही दुधाचा हात न लागलेल्या वेगळ्या पातेल्यात आणि वेगळ्या डावाने.